आईच्या पत्त्याचा रकाना

आकडेवारी विभागातल्या बाई खुर्चीवरून ताडकन उठल्या आणि शेजारच्या टायपिस्टचा चहा सांडला. "सापडलं, अहो सापडलं!" त्या एवढ्या ओरडल्या की शिपाईही जागा झाला.

बारा वाजता मोठ्या साहेबांकडे मीटिंग होती. टेकडीवरच्या दवाखान्यातलं बाळंतपणाचं काम बंद करायचं घाटत होतं, कारण वर्षभरात तिथे एकोणीस तान्ही बाळं दगावली होती. तिथली मुख्य नर्स म्हणजे बाईंची सख्खी नणंद. कामाला वाघीण, पण हल्ली सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसलेली.

सकाळपासून बाईंनी दवाखान्याची मूळ रजिस्टरं उपसली होती आणि ती एकोणीस बाळं आईच्या पत्त्याप्रमाणे लावून पाहिली होती. त्यातल्या चौदा आया एकाच वस्तीतल्या निघाल्या, नदीपलीकडच्या वीटभट्ट्यांवरच्या! अडल्यावर मिळेल त्या गाडीने, तीन-तीन तासांनी टेकडीवर पोचलेल्या. बाकीचे दवाखाने हात वर करत आणि हा एकटा त्यांना आत घेई.

मग पत्त्याचा रकाना साहेबांकडे गेलेल्या अहवालात का नव्हता? तर तक्ता एका पानात बसावा म्हणून बाईंनीच तो उडवला होता आणि वर शाबासकीही घेतली होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आनंदही असा उसळत होता की लाजायला सवड नव्हती. कुरकुरणारे गुडघे विसरून त्या जिना चढल्या.

"साहेब, सही थांबवा! चूक माझी आहे. कानउघाडणी नंतर करा, आधी हे बघा."

साहेबांनी कागदावर बोट फिरवलं. "म्हणजे आपण हे बंद केलं, तर या बायकांनी आणखी लांब जायचं?"

"तेच तर!"

"मग काय करू म्हणता?"

इतक्या वर्षांत बाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. "भट्ट्यांजवळ एक रुग्णवाहिका आणि एक नर्स. चोवीस तास."

"सोमवारपासून," साहेब म्हणाले. "आणि तो रकाना आजपासून."

बाईंनी दाराबाहेर येताच फोन लावला. "ताई, तुमच्याकडची बाळंतपणं चालू राहणार! भट्ट्यांवर गाडी ठेवणार आहेत!" त्यांनी एका दमात सगळं सांगितलं.



"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "म्हणजे ती बाळं माझ्या हातून नाही गेली?"

"चौदा तर नाहीच, ताई. उरलेल्या पाचांची रजिस्टरं घेऊन मी येते. दोघी मिळून बघू."

"ये," नणंद म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणी रडली.