हवेला वास नसतो

सोमवारी सकाळी दहाच्या आत मनाली तांबेला स्कूबा डायव्हिंग शिकल्याचं कार्ड कार्यालयात दाखवायचं होतं. समुद्रातल्या प्रवाळांची पाहणी करणाऱ्या एका प्रकल्पात तिची निवड झाली होती, पण कार्ड असेल तरच नेमणूक पक्की. पत्र हातात पडलं तो बुधवार होता. मंडणगडला वडिलांना फोन केला तेव्हा त्यांनी पेढे आणलेसुद्धा.

रत्नागिरीत तिला दोन शिकवणारे सापडले. दोघांना वेगवेगळ्या संस्थांची मान्यता होती. त्यातल्या रेणुकाताई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी नवी तुकडी सुरू होतेय. आधी डॉक्टरांचा दाखला, मग तीन दिवस तरणतलाव, मग समुद्र."

"ताई, मला सोमवारीच कार्ड हवंय. दुसरीकडे मिळतंय. पण त्यांची संस्था चांगली की तुमची?"

"संस्थेवर अडकू नकोस. दोन्ही कार्डं सगळीकडे चालतात. शिकवणारा कसा आहे ते बघ. एका वेळी किती जणांना खाली नेतो, बोटीवर ऑक्सिजन ठेवतो का, विचार त्याला." त्या पुढे म्हणाल्या, "आणि सिलिंडर उघडून हुंगून बघ. हवेला वास नसतो. आला, तर उतरायचं नाही."

मनालीने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि पैसे मात्र दुसऱ्या शिकवणाऱ्याकडे, राकेशकडे भरले. सोमवार पंधरा दिवस थांबणार नव्हता.

तिच्या खोलीत राहणारी राही म्हणाली, "तू एकटी कशी जाशील? मी पण येते." राही दापोलीची. एमएस्सीला दोघी एकत्र होत्या. तिला कार्डाची गरज नव्हती.

शनिवारी मांडवीच्या किनाऱ्यावरच्या आपल्या शेडमध्ये राकेशने चाळीस मिनिटांत सगळा अभ्यास उरकला. तब्येतीच्या फॉर्मवर म्हणाला, "सगळीकडे नाही लिहा, उगाच घोळ नको." मग कंबरभर पाण्यात मुखवट्यातलं पाणी काढायला शिकवलं. माणूस हसतमुख होता. मनालीने ऑक्सिजनचं विचारलं तेव्हाही तो हसला. "मॅडम, आपण सहा मीटर जाणार, पाताळात नाही."

रविवारी सकाळी होडीवाल्या काशीरामकाकांनी होडी खडकांच्या आडोशाला नांगरली. पाणी निवळ होतं. राकेशने आधी राहीला नेलं. शिडीवरून उतरताना राहीने मागे वळून अंगठा दाखवला, राकेश ओरडला, "अंगठा म्हणजे वर जायचं!" आणि दोघं बुडबुड्यांच्या खाली दिसेनासे झाले.

मनाली आपल्या सिलिंडरशेजारी बसून राहिली. मग इकडेतिकडे बघत तिने नळी तोंडाजवळ आणली, हवा सोडायचं बटण दाबलं आणि हुंगलं.

एसटी स्टँडवर गाडी सुरू होते तेव्हा येतो तसा वास होता.

तिने पुन्हा हुंगलं. "काका, जरा हे बघा."

काशीरामकाकांनी नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. "धूर हाय ह्यात."

"कुठून येईल?"

"काल वीज नव्हती गो. हवा भरायचं मशीन जनरेटरच्या बाजूला लावलं होतं." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. "समदे सिलिंडर कालच भरलेत."

राहीला खाली जाऊन सात मिनिटं झाली होती.

खाली आवाज जावा म्हणून मनालीने शिशाचं वजन उचललं आणि शिडीच्या पाण्यातल्या पायरीवर आपटायला सुरुवात केली. ठण. ठण. ठण. बुडबुडे दोन जागी येत होते. हात खरचटला. ती आपटत राहिली. शेवटी पाणी फुटलं आणि राकेशचं डोकं वर आलं. एकट्याचं.

"काय लावलंय हे?"

"राही कुठाय?"

"खाली. दगडाला धरून बसवलीय. आहे ठीक."

"तिच्या सिलिंडरमध्ये धूर आहे! आणा तिला वर!"

"थोडा तेलाचा वास येतोच, मॅडम. माझंही डोकं..." त्याचा चेहरा उतरला. तो पुन्हा खाली गेला.

आता बुडबुडे एकाच जागी येत होते. ते राहीचे की राकेशचे, कळायला मार्ग नव्हता. काशीरामकाकांनी नांगराचा दोर सोडवून हातात घेतला आणि ते इंजिनाजवळ गेले. मनालीच्या मनात एकच घोळत होतं: हिला मी आणलं.

राही वर आली ती मान टाकून. राकेशने तिचं जॅकेट फुगवलं होतं म्हणून ती तरंगत होती. तिला ओकारी झाली आणि तोंड पाण्यात गेलं. मनालीने तशीच उडी मारली. राहीचं डोकं खांद्यावर घेतलं, मुखवटा ओढून काढला. "राही, श्वास घे. बघ माझ्याकडे." राहीचे डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. काकांनी वरून ओढलं, खालून दोघांनी ढकललं. किनाऱ्यापर्यंतची वीस मिनिटं मनाली तिच्याशी बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही.

इस्पितळात ऑक्सिजन लावल्यावर तासाभराने राहीने पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, "धुरातला विषारी वायू रक्तात गेलाय. आणखी दहा मिनिटं खाली राहिली असती तर मला काही करता आलं नसतं."

बाहेर बाकावर राकेश ओल्या कपड्यांत बसला होता. मनाली दिसताच उठला. "तुमचं कार्ड आजच करून देतो. उद्या नोकरीवर जा. फक्त हे इथेच राहू द्या. माझं सगळं बंद होईल हो."

मनालीला क्षणभर वडील आठवले. तिने विचारलं, "ते बाकीचे सिलिंडर कुठेत?"

"शेडमध्ये."

"आधी जाऊन ते रिकामे करा. काका येतील बरोबर. एक मात्र तसाच ठेवा, तपासणीसाठी. कार्ड मला नको."

त्या संध्याकाळी तिने राकेशच्या संस्थेला आणि पोलिसांना तक्रार लिहिली. काशीरामकाकांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. सही करताना म्हणाले, "उद्यापासनं माझी होडी कोण भाड्यानं घेतो बघू," पण हात थांबवला नाही. सोमवारी कार्यालयाने तिच्या जागी यादीतल्या दुसऱ्याला बोलावलं. पुढची भरती मार्चमध्ये.

नवी तुकडी सुरू झाली तेव्हा मनाली रेणुकाताईंच्या तरणतलावात छातीभर पाण्यात उभी होती. नळी तोंडात धरायच्या आधी ती दर वेळी हुंगून बघायची. दोनदा ती पाण्याखाली गेली आणि दोन्ही वेळा धडपडत वर आली.

"ताई, मला नाही जमत."

रेणुकाताई तिच्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी बाकी तिघांना काठावर बसायला सांगितलं. "आज नुसता चेहरा बुडव. खाली जाऊ नकोस. वर यावंसं वाटलं की ये, कितीही वेळा."

मनालीने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि चेहरा पाण्यात घातला.