फोन बोकसूनबाईंनीच केला होता

दक्षिण कोरियातल्या मोक्पोच्या बंदराजवळच्या मासळी बाजारात पोलिसांबद्दल सगळ्यांचं एकच मत होतं, आणि ते मत मुळात बोकसूनबाईंचं होतं. पोलीस मऊ झालेत. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी वर्दी दिसली तरी दारुड्याची उतरायची, आता दारुडाच पोलिसाच्या खांद्यावर हात टाकून त्याला जेवलास का विचारतो. आंबवलेल्या पाकट माशाचे तुकडे करता करता बोकसूनबाई हे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायच्या. गिऱ्हाईक डोळे पुसत मान हलवायचं. ते पटल्यामुळे की पाकटाच्या झोंबणाऱ्या वासामुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

निमित्त असायचं मो चांगशिकचं. हा एके काळी पर्यटकांची बस चालवायचा. दारूपायी परवाना गेला, पाठोपाठ बायको गेली, आणि तांदळाची दारू तेवढी राहिली. दुपारची बाटली संपली की तो बाजारात यायचा, घमेल्यांना लाथा घालायचा, बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाला लघवी करायचा आणि मग बाजाराच्या मधोमध उभा राहून, जणू मागे बसभर प्रवासी बसलेत अशा थाटात, डावीकडे काय पाहावं, उजवीकडे काय पाहावं ते ओरडून सांगायचा. बोकसूनबाईंचं दुकान नेहमी डावीकडे यायचं. “इथे आपल्याला जिल्ह्यातलं सर्वांत जुनं तोंड पाहायला मिळेल,” असं तो म्हणाला की शेजारची सुक्या मांदेलीवाली इम्सूनसुद्धा हसायची.

त्या दिवशी मात्र त्याची लाथ ऑक्टोपसच्या घमेल्याला बसली. जिवंत ऑक्टोपस, पहाटेच्या होडीतून आणलेले, भर रस्त्यात पसरले, आणि ज्याला जी दिशा सापडली तिकडे निघाले. एक तर इम्सूनच्या मांदेलीत शिरला. बोकसूनबाईंनी पाकटाची सुरी खाली ठेवली आणि हातमोज्यासकट पोलिसांना फोन लावला. या वेळी धरून न्या, नाहीतर मीच त्याला मिठात घालते, असं त्यांनी फोनवर सांगितलं. हे वाक्य पलीकडे नोंदलं जातंय, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

चौकी तशी जवळच. हवालदार प्यो आणि त्याच्यासोबतची तरुण शिपाई ग्वाक दाहे चालतच आले. प्यो चाळिशीचा, पोट सुटायच्या बेतात असलेला, शांत माणूस. दोन वर्षांपूर्वी एका दारुड्याला दंडाला धरून उठवताना त्या दारुड्याच्या दंडावर वळ उठला होता, आणि त्या वळापायी प्योला सहा महिने चौकशीला हेलपाटे घालावे लागले होते. तेव्हापासून तो माणसाला हात लावायचा झाला तर आधी परवानगी विचारायचा. तशी ती त्यानं चांगशिकलाही विचारली. काका, ऊन फार आहे, जरा सावलीत बसू या का, बसण्यासाठी तुमचा हात धरला तर चालेल का. दाहेच्या छातीवरचा कॅमेरा हे सगळं टिपत होता. चांगशिक म्हणाला, चालणार नाही, आणि त्यानं दाहेला पुढच्या थांब्यावर उतरायला सांगितलं.

“लग्नाचं आमंत्रण द्यायला आलात की धरायला?” बोकसूनबाईंनी विचारलं.

बाजार खो-खो हसला. मग प्रत्येकाला काहीतरी सुचलं. खेकडेवाला म्हणाला, साहेब, त्याला उशी देऊ का. कुणी म्हणालं, आपण कर भरतो तो यांच्या गोड बोलण्याचा. इम्सूननं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं आणि हे बघा आपले पोलीस, असं त्यात बोलूनही ठेवलं. प्योचे कान लाल झाले. तरी तो काका, काका करत राहिला. बोकसूनबाई ओरडल्या, “अरे, हात आहेत ना तुला? धर की त्याला!”

तेवढ्यात चांगशिकनं पेटीतला मूठभर बर्फ उचलून दाहेच्या तोंडावर फेकला. बर्फात माशाचा काटा होता, तो तिच्या भुवईला लागला आणि रक्ताची बारीक रेघ आली. मग प्योनं परवानगी विचारली नाही. त्यानं चांगशिकचा हात धरला, पाठीमागे वळवला आणि त्याला बर्फाच्या पेटीवर ओणवं केलं. चांगशिक कळवळला. “आई गं,” म्हणाला तो, अगदी लहान आवाजात.

तशी ज्या तोंडांतून उशी निघाली होती त्याच तोंडांतून निघालं की म्हातारा माणूस आहे हो, कुणाचा तरी बाप असेल, गुन्हेगार आहे का तो. खेकडेवाला म्हणाला, एवढा जोर चोरांवर दाखवा. इम्सूनचा मोबाइल चालूच होता. हे बघा आपले पोलीस, असं ती पुन्हा म्हणाली, फक्त सूर बदलला होता.

बोकसूनबाई मात्र त्या वळवलेल्या हाताकडे पाहत होत्या. चाळीस-एक वर्षांपूर्वी, लिलावाच्या धक्क्यावरच्या एका मारामारीत, त्यांच्या नवऱ्याला पोलिसांनी असंच नेलं होतं. मारामारी दुसऱ्याच कुणाची होती. तो परत आला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, आणि तो मरेपर्यंत कधी गेला नाही. जाळं फेकायचं बंद झालं, म्हणून तर बोकसूनबाई बाजारात बसल्या. पूर्वीचे पोलीस कसे होते हे सांगताना ही गोष्ट त्यांनी कधीच कुणाला सांगितली नव्हती. खरं तर त्यांना स्वतःलाही ती अशी आठवत नसे. आता पायांना आठवली.

त्या पुढे झाल्या आणि ओल्या रबरी हातमोज्यानं त्यांनी प्योच्या डोक्यावर फटका हाणला. टोपी उडाली. मग त्यांनी दुसऱ्या, बिनमोज्याच्या हातानं त्याची कॉलर धरून मागे खेचलं. प्योचा पाय नेमका एका ऑक्टोपसवर पडला आणि तो रस्त्यात बसला. चांगशिक सुटला, पण पळाला नाही. तो पेटीला टेकून उभा राहिला आणि बोकसूनबाईंकडे कौतुकानं बघू लागला.

दाहेनं भुवई पुसली आणि अतिशय अदबीनं सांगितलं, “आजी, सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल आम्ही तुम्हाला अटक करतोय. तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे.”

“तो तिनं जन्मात वापरलेला नाही,” खेकडेवाला म्हणाला.

“मला?” बोकसूनबाईंना काही केल्या कळेना. “अगं पोरी, फोन मीच केला होता.”

चौकीत त्यांचा जबाब घेताना हीच अडचण आली. फिर्यादी त्या, साक्षीदार त्या आणि आरोपीही त्याच. चांगशिक कोपऱ्यातल्या सोफ्यावर अंगावर चौकीचं पांघरूण घेऊन घोरत होता. बर्फातला काटा अपघात धरला गेला होता, म्हणून त्याच्या गुन्ह्याला किरकोळ दंड होता. उठेल तेव्हा त्याला सोडायचं होतं. बोकसूनबाईंचं प्रकरण मात्र सरकारी वकिलापर्यंत जाणार होतं. वर, मिठात घालते असं फोनवर म्हणालात, त्याचा अर्थ काय, हेही विचारण्यात आलं. त्यांनी सांगितलं की मासळीवाली बाई दुसऱ्या कशात घालणार.

बाहेर बाजार जमला होता. माफी मागा अशा घोषणा चालल्या होत्या, आणि घोषणा देता देता इम्सून आत डोकावून चौकीवाल्यांना गरम सार हवंय का विचारत होती. तोवर तिच्या चित्रणाचे दोन तुकडे गावभर फिरले होते. एक तुकडा हात वळवण्यापासून सुरू व्हायचा, दुसरा हातमोज्यापासून. सोलमधून बोकसूनबाईंच्या मुलाचा फोन आला. आई, त्या हवालदाराला मी सोडणार नाही, म्हणाला. थोड्या वेळानं त्याचा पुन्हा फोन आला. या वेळी तो म्हणाला, आई, तू पोलिसाला मारलंस? माझ्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिलंय.

चौकीप्रमुख आले. त्यांनी दोन्ही तुकडे पाहिले होते आणि कुठल्या तुकड्याची भीती जास्त धरावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांनी सुचवलं की प्योनं आजींची माफी मागावी, आजींनी प्योची मागावी, आणि दोघांचा मिळून एक फोटो काढावा. दोघांनीही मान खाली घातली, होकार मात्र दिला नाही. प्रमुख फोटोसाठी चांगली भिंत शोधायला गेले.

प्योच्या पँटला अजून ऑक्टोपसची शाई होती. त्यानं विचारलं, “आजी, मला एकच सांगा. मी काय करायला हवं होतं?”

बोकसूनबाई म्हणाल्या, “हळू धरायचं.”

“हळू धरायला गेलो तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

बोकसूनबाईंनी टेबलावरच्या काचेखालच्या कागदाकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याचा हात असाच मागे नेला होता. पुन्हा वर आला नाही.” मग त्यांना प्योच्या मानेवरचा ओरखडा दिसला. त्यांच्याच नखाचा. “पाकट कापलेला हात होता माझा,” त्या म्हणाल्या. “औषध लाव. चिघळतं ते.”

प्योनं मानेला हात लावून पाहिला. औषध लावतो, म्हणाला.

फोटो काही निघाला नाही. पुढे सरकारी वकिलानं वयाचा विचार केला आणि खटला न भरता बोकसूनबाईंना एक दिवसाच्या वर्गाला बसायला सांगितलं. कायद्याचा आदर, असा विषय होता. पोलीस खात्यानं हातमोज्याच्या नाही, तर हात वळवण्याच्या तुकड्याचा विचार केला आणि प्योला एक दिवसाच्या वर्गाला पाठवलं. नागरिकांचा आदर, असा त्याचा विषय होता. दोन्ही वर्ग जिल्ह्याच्या एकाच इमारतीत, एकाच दिवशी, एकाच मजल्यावर निघाले. दुपारी जेवणाचं ताट घेऊन बोकसूनबाई वळल्या तर समोर रिकामी खुर्ची एकच होती, आणि पलीकडे प्यो बसला होता.

त्या तिथेच बसल्या. तुला काय शिकवलं, असं बोकसूनबाईंनी विचारलं. तो म्हणाला, माणसाला हात लावण्याआधी त्याला विचारायचं. आणि तुम्हाला? त्या म्हणाल्या, पोलिसांना त्यांचं काम करू द्यायचं. पहिला पाठ त्या दिवशी बाजारात प्योनं पाळलाच होता आणि दुसरा बोकसूनबाईंनीच आधी ओरडून सांगितला होता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. कोबीची किमची आंबलेलीच नाहीये, एवढं बोकसूनबाई म्हणाल्या. प्योनं ते मान्य केलं.

चांगशिकसाठी कुठलाही वर्ग नव्हता. त्याच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

बोकसूनबाईंचा मोबाइल वाजला. इम्सून होती. चांगशिकनं तिची मांदेलीची टोपली डोक्यावर घातलीय आणि तो भर दुपारी बाजाराला सूर्यास्त दाखवतोय, असं ती सांगत होती. चौकीत फोन केला तर दाहे एकटीच आहे, हवालदार आदर शिकायला गेलाय म्हणाली, आता तू तरी ये आणि त्याला काहीतरी बोल. बोकसूनबाई म्हणाल्या की मीपण तेच शिकायला आलेय, आणि फोन ठेवला.

“काही झालंय का आजी?” प्योनं विचारलं. त्यानं खुर्ची अर्धी मागे सारलीही होती.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “बस. जेवण आधी संपव.”

त्यांनी आपल्या ताटातला भाजलेला मासा उचलून त्याच्या भातावर ठेवला. मग त्या मोबाइल पालथा घालून आपलं सार पिऊ लागल्या.