‘आपल्या’चं इंग्रजी

दरबारच्या कचेरीत मी एकवीस वर्षं मराठी कागदांचे इंग्रजी तर्जुमे केले. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य आलं, माझी कचेरी ग्वाल्हेरला निघाली, आणि मी छत्रीबागेतलं घर सोडून जायला साफ नाही म्हटलं. हेकेखोर आहे मी, बायको रोज ऐकवते. तेव्हापासून लोकांची इंग्रजी पत्रं लिहून देतो. पण खरा घाम काढला तो दौलतरावांच्या लोणच्याच्या बरणीवरच्या तीन शब्दांनी.

दौलतरावांचा कारखाना आमच्या मागच्याच गल्लीत. लोणचं मुळात त्यांच्या वहिनींचं, सखुबाईंचं. नवरा गेल्यावर त्या ते घरोघर विकायच्या आणि बरणी पुढे करताना म्हणायच्या, “घ्या, आपल्या घरचं लोणचं.” तेच पुढे लेबलावर छापलं गेलं. आता धंदा वाढला, दौलतरावांची मुलं हाताशी आली, आणि वहिनींनी देवासला भावाकडे जाऊन आराम करावा, असं दौलतरावांचं सुरू झालं होतं. सखुबाईंना जायचं नव्हतं. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं.

दिल्लीच्या प्रदर्शनासाठी इंग्रजी लेबल हवं होतं, म्हणून मला कारखान्यात बोलावलं. बघतो तर दौलतरावांनी स्वतःच करून ठेवलेलं, ‘युवर हाउस पिकल’.

“आपल्या मतलब आपके, म्हणजे युवर. सीधी बात आहे, अच्युतजी.”

“तुमचं मराठी हिंदीनं खाल्लंय,” मी म्हटलं. “साहेब वाचून विचारेल, माझ्या घरचं लोणचं तुझ्या बरणीत कसं आलं?”

“मग अवर लिहा ना यार.”

इथेच घोडं अडलं. समोरच्याला धरून बोलायचं तर आपलं, त्याला वगळून बोलायचं तर आमचं. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. इंग्रजीला त्याची फिकीरच नाही, दोन्हीला मेला एकच शब्द. बरं, ‘होम-मेड’ लिहावं तर घर कोणाचं, हेच उडून जातं. दरबारी सवयीनं मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात समजावत बसलो, आणि समोर सखुबाई मसाला चाळतायत याचं मला भानच नाही.

चाळणी थांबली.

“म्हणजे अच्युतराव, त्या इंग्रजी शब्दात मी आहे की नाही, ते कळत नाही?”

“नाही कळत.”

“मराठीत कळतं.” त्या दौलतरावांकडे बघत नव्हत्या. “दिवाळीपासून भाऊजी मला सांगतात, आमच्या घरचं लोणचं दिल्लीला चाललं. आमच्या. आणि हे मला सांगतात.”

मला फार वाईट वाटलं. दौलतराव तसे दुष्ट नाहीत. त्यांच्या त्या खिचडी बोलण्यात कुठला शब्द कधी तोंडातून गेला, याचा त्यांना पत्ताही नसेल. पण देवासचं त्यांनी समजून उमजून काढलं होतं, आणि ते आता चेहऱ्यावर दिसायला लागलं.

“वहिनी, काय मनाला लावून घेता,” ते म्हणाले. “हे आमचं घर, आपलं...”

आणि थांबले.

आता हे ‘आपलं’ कुठलं? बोलताना चुकलं की आपण म्हणतो ना, सोमवारी, आपलं, मंगळवारी. तसलं होतं, की खरोखरचं? तर्जुम्यात जन्म गेला माझा, पण मला सांगता येईना. सखुबाई वाट बघत होत्या. पुरं करा ते वाक्य एकदाचं, असं मी मनातल्या मनात दौलतरावांना विनवत होतो. ते बरणीचं झाकण नुसतं फिरवत राहिले.

“लिहा, अच्युतराव,” शेवटी सखुबाईच म्हणाल्या. “अवरच लिहा.”

मी लिहिलं, ‘पिकल फ्रॉम अवर किचन’. साहेबाच्या तोंडी सहज बसेल असं इंग्रजी. सखुबाईंनी कागद हातात घेतला आणि त्यातला अवर कुठला ते विचारलं. मी बोट ठेवून दाखवला. त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

“लेबलासाठी दुसरा लिहा,” त्या म्हणाल्या. “हा मी देवासला नेते.”