पाचपट उंच डोंगर

मी बोलतोय तो नकाशाच, पण भिंतीवर खिळ्याला लटकणारा नव्हे. मी आडवा पडलेला नकाशा. राजधानी आणि तिच्या भोवतालचा सगळा मुलूख माझ्या अंगावर उठून उभा आहे. डोंगर हाताला लागतात, नदीच्या खोबणीत बोट बुडतं. मला उठावाचा नकाशा म्हणतात. कार्यालयातले लोक मात्र मला सरळ टेबल म्हणायचे आणि माझ्या कडेवर चहाचे कप ठेवायचे. त्यांचा राग येऊनही काही उपयोग नव्हता.

माझा जन्म नगररचना कार्यालयाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एक तरुण मुलगी नव्याने नोकरीला लागली होती. तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेले शिपाईमामासुद्धा. ताईने सारख्या उंचीच्या रेषा कागदावरून पातळ फळ्यांवर उतरवल्या, करवतीने त्या वळणावळणाने कापल्या आणि एकावर एक चिकटवल्या. तेव्हा मी म्हणजे नुसत्या वेड्यावाकड्या पायऱ्या होतो. मग कागदाचा लगदा, सरस आणि खडूची भुकटी कालवून तिने त्या पायऱ्या बुजवल्या. लगदा ती बोटांनीच लिंपायची. त्या बोटांची ऊब मला अजून आठवते.

मी वाळल्यावर साहेब बघायला आले. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हा मुलूख आहे की इस्त्री केलेली चादर?"

ताईचं काहीच चुकलं नव्हतं. एवढा मोठा प्रदेश टेबलावर आणला की भलाभला डोंगरही मुंगीएवढा होतो. पण मंत्री बघायला येणार होते आणि मंत्र्यांना डोंगर दिसायला हवे होते. ताईने मला पुन्हा पायरीपासून रचलं आणि उंची पाचपट केली. लांबी-रुंदी होती तशीच ठेवली. या कामात असं करतातच, त्यात लबाडी नसते. फक्त बघणाऱ्याला तसं सांगायचं असतं. ताई न चुकता सांगायची. ऐकतो कोण? मंत्री आले, "वा, केवढे डोंगर!" म्हणाले, फोटो काढून घेतला आणि गेले.

माझी ओळख पश्चिमेकडून करून द्यायला हवी, कारण आमच्याकडे सगळं तिकडूनच सुरू होतं. तिकडे डोंगरांची रांग आहे. वर दूधवाल्यांची गावं, खाली दगडाच्या खाणी. नदी तिथूनच निघते आणि सपाटीला लागली की एक ऐसपैस वळण घेते. त्या वळणाच्या पोटातल्या उंचवट्यावर राजधानी बसली आहे. पुराचं पाणी तिथवर चढत नाही. जुन्या राजांना तेवढी अक्कल होती, नंतरच्यांची मी हमी देत नाही. नदीपलीकडे गाळाची जमीन आणि भाजीचे मळे, थोडं खाली वीटभट्ट्या, रेल्वेच्या कडेकडेने सूतगिरण्या आणि गोदामं, आणि थेट पूर्वेला दलदल ओलांडली की बंदर. दूध, दगड, भाजी, विटा, सूत, माणसं, सगळं उजाडल्यापासून शहराकडे निघालेलं असायचं.

एकदा एका पाहुण्याने विचारलं, "आणि शहर काय पिकवतं?"

"हुकूम," शिपाईमामा म्हणाले. "बारमाही पीक आहे."

दर वर्षी मोजणीवाले नवे आकडे आणत आणि ताई मला त्याप्रमाणे बदलायची. नव्या वस्तीसाठी लाकडी ठोकळे चिकटवायची, मळ्यांवरचा हिरवा रंग खरवडायची, खाण जेवढी आत गेली असेल तेवढा डोंगर पटाशीने तासायची. पश्चिमेला मी झिजत गेलो आणि मध्यभागी भरत गेलो. पटाशी लागली की दुखायचं, पण तक्रार कुणाकडे करणार? जो डोंगर इकडे कमी व्हायचा, त्याचीच तिकडे घरं व्हायची. ते दिवस मला आवडायचे. खोलीत सरसाचा वास असायचा आणि ताई कामाच्या नादात गुणगुणत असायची.

खाणीच्या वरच्या अंगाला माझ्यावर खसखशीएवढा एक पांढरा ठिपका होता. ते ताईचं गाव. तिच्या आईने उभा जन्म तिथे काढला. दुधाची घागर डोक्यावर घेऊन ती रोज खालच्या रस्त्यापर्यंत उतरायची आणि रिकामी घागर घेऊन चढायची. पुढे ताईचे वडील गेले, पाठोपाठ आईची नजर गेली, आणि ताईने तिला शहरात आपल्याकडे आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दिवसभर तिला एकटीला कशी ठेवायची, म्हणून ताई तिला कार्यालयात घेऊन यायची. म्हातारी माझ्या समोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसायची आणि पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखायची. साहेब आले की ती पाय खाली घ्यायची, तेव्हा बाकीच्यांनाही कळायचं.

तिचं मागणं एकच होतं.

"अगं, धाकटी जाऊ म्हणते, ये. गोठ्याशेजारची खोली रिकामीच आहे. कधी नेतेस?"

"थंडी सरू दे, आई."

थंडी सरली की रजा मिळू दे, रजा मिळाली की रस्त्याचं काम होऊ दे. ताईला कारणांची कमी नव्हती. पण कारणं तरी किती पुरणार? आदल्याच महिन्यात म्हातारी न्हाणीघरात घसरून पडली होती. ताईने तो धसका घेतला होता. शेवटी एका दुपारी, आईने पुन्हा विषय काढला तेव्हा, ताईने तिचा हात धरला आणि तिला माझ्याजवळ आणलं.

"हे बघ. हा खालचा रस्ता. बस इथे सोडते. आता इथून वर जा."

म्हातारीचं बोट माझ्या डोंगराला भिडलं. ते चढेना. जवळजवळ भिंतच होती ती.

"एवढा खडा?"

"हो."

"आणि मी घागर घेऊन उतरायचे हा?"

"तेव्हा तरणी होतीस, आई."

बोट खाली आलं, पुन्हा वर गेलं. वाटेत एका जागी थबकलं. "इथे कुणी चावा घेतल्यासारखं काय आहे?"

"खाण आहे. वाढत चाललीय."

म्हातारीने त्या खाचेच्या कडेने बोट फिरवलं. मग तिने हात पदराला पुसला. "मग नाही जमायचं मला," ती म्हणाली आणि चाचपडत बाकावर जाऊन बसली.

उंची पाचपट आहे, हे ताई बोलली नाही. ऐऱ्यागैऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना सांगणारी ताई, आपल्या आईला सांगायचं तेवढं गिळून बसली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण ती खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि स्वच्छ झालेले हात फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत होती. तिचा रागही आला आणि दयाही आली.

त्यानंतर आईने विषय काढला नाही, आणि ताई पाहुण्यांना पाचपटीचं दाराबाहेरच सांगून मग आत आणू लागली. गावाबद्दल बोलायचीच वेळ आली तर 'आमचं गाव होतं' असं म्हणायची, जणू ते कुणी उचलून नेलं. जेवण कमी झालं. पावलं ओळखायचा खेळही तिने सोडला. साहेब येऊन गेले तरी तिचे पाय बाकावरच. असे काही हिवाळे गेले.

मग एकदा परगावचे पाहुणे आले. ताई मोजणीवाल्यांबरोबर बाहेर गेलेली होती. म्हणून त्या दिवशी शिपाईमामाच छडी घेऊन माझी माहिती सांगायला उभे राहिले. ताईचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं, वर स्वतःची भर होती. "ही नदी, ही राजधानी, हे आपण उभे आहोत ते कार्यालय, दिसत नाही कारण कामच तेवढं आहे. आणि डोंगर बघून घाबरू नये. उंची पाचपट धरलेली आहे."

पाहुणे हसले आणि गेले. बाकावरून आवाज आला.

"भाऊ, पाचपट म्हणजे काय हो?"

"म्हणजे असं बघा आई, खरा डोंगर घ्यायचा, त्याच्या डोक्यावर तसलेच आणखी चार ठेवायचे, की हा झाला. नाहीतर साहेबलोकांना दिसत नाही."

"सगळेच डोंगर तसे?"

"सगळेच. सरकारी काम आहे, भेदभाव नाही."

म्हातारी उठली. माझी कड धरून फिरत पश्चिमेला आली. खालच्या रस्त्यावर तिने तळवा आडवा टेकवला आणि बोटं किंचित वर उचलली, उतरत्या छपराएवढी सुद्धा नाही. "हा," ती स्वतःशीच म्हणाली, "हा माझा चढ."

ताई संध्याकाळी आली. आई अजून माझ्यापाशीच उभी होती.

"माझ्या एका डोंगराचे पाच केलेस?"

ताईच्या खांद्यावरची पिशवी खाली आली. "तू पडशील, आई. तू तिथे आणि मी इथे. मला झोप लागणार नाही."

"मग तसं सांगायचं होतंस. मला भीती वाटते म्हणाली असतीस, तर राहिलेही असते तुझ्याजवळ. तू मला माझीच वाट खोटी दाखवलीस. मला वाटलं, डोळ्यांमागोमाग आठवणही गेली. जे जे आठवायचं, ते ते खरं असेल का, असं व्हायचं."

ताई तिच्या पायाशी बसली आणि रडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण 'असू दे' म्हणाली नाही. रविवारी जाऊ, असं ताईनेच म्हटलं.

पुढचं मी ताईच्या तोंडून ऐकलं. ती शिपाईमामांना सांगत होती. "आईच पुढे होती, मामा. कुठे वळायचं ते पायांनी सांगत होती. मलाच धाप लागली." म्हातारी गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली. ताई दर सुट्टीला जायची आणि आल्यावर काही ना काही सांगायची: आज आई भांडली, आज आईने धार काढली, आज आईला हसताना ठसका लागला. जेमतेम वर्षभर हे चाललं. नंतर ताई चार-सहा दिवस आली नाही, आणि आली ती एकटी होऊन आली.

"ती वर जाऊन पुन्हा हसायला लागली होती," ती म्हणाली. "तिची चांगली वर्षं मी खाली बसवून ठेवली." शिपाईमामांकडे सगळ्याला उत्तर असायचं. त्या दिवशी त्यांनी छडी कोपऱ्यात ठेवली आणि ताईसाठी चहा आणायला गेले.

खाण पुढे गावापर्यंत पोहोचली. गावकऱ्यांना वीटभट्ट्यांजवळ चाळी मिळाल्या. तो पांढरा ठिपका ताईनेच खरवडला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्या डोंगराचा दगड आता राजधानीच्या नव्या पुलात आहे. पुलावरून जाणाऱ्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही.

मग संगणकाचे पडदे आले. बोट सरकवलं की मुलूख फिरतो, हवा तेवढा मोठा होतो. मला जिन्याखाली ढकललं. माझ्या नदीत धूळ साचली, बंदरावर कुणीतरी जुने पंखे रचले. आता कार्यालयच नव्या इमारतीत जायचंय. माझं काय करायचं, हे विचारायला नव्या साहेबांनी निवृत्त झालेल्या ताईला बोलावलं. पांढऱ्या केसांची ताई जिन्याखाली वाकली आणि मला बघून थोडा वेळ तशीच राहिली.

"अंधशाळेने मागितलाय," साहेब म्हणाले. "हाताने बघता येतो ना, म्हणून. द्यायचा?"

"द्या. पण मुलांनी हात लावायच्या आधी सांगायला सांगा, उंची पाचपट आहे म्हणून. दर वेळी सांगायला सांगा."

"अहो ताई, एवढं काय त्यात?"

ताई रुमालाने माझ्यावरची धूळ पुसू लागली.

उद्या टेंपो येईल. नवी जागा कशी असेल, ठाऊक नाही, पण पुन्हा कुणाची तरी बोटं लागतील याचा आनंद आहे. धास्तीही आहे, कारण सांगायचं ते सांगणारं माणूस दर वेळी तिथे असेलच असं नाही आणि मला तर तोंड नाही. म्हणून तुम्हाला विनवून ठेवतो. कधी तिकडे आलात आणि माझ्या डोंगराशी एखादं बोट अडलेलं दिसलं, तर थोडं थांबा. त्या मुलाच्या कानाशी वाकून सांगा, खरा चढ एवढा नाही. जमेल तुला.