विहिरीतले मणके

१९७३चा उन्हाळा होता. निपाणीजवळच्या एका गावात बौद्ध वस्तीची नवी विहीर खणता खणता सात पुरुष खोल गेली होती, आणि तळाशी उतरलेल्या तानीबाईला भिंतीत तीन मणके दिसले. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये हिरवट मातीची पट्टी, तीत ओळीनं तीन. तानीबाई याच वस्तीतली, बेळगावात कॉलेजला भूगर्भशास्त्र शिकवणारी. त्या मुलखात जीवाश्म शोधणारी दुसरी बाई नव्हती. लोक तिला 'दगडं वेचणारी' म्हणत आणि ती खुशाल म्हणू देई. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीचं हाड इकडच्या खडकात सापडल्याचं तिनं आजवर ऐकलंही नव्हतं.

पायाशी सहा भोकांत सुरुंगाची दारू ठासून तयार होती.

वात जोडत तिचा मामा भीमाप्पा म्हणाला, "काय गं त्ये? हाडं हायत व्हय?"

वर काठावर पाटलाचा माणूस वाकून ऐकत होता. वस्तीची स्वतःची विहीर होतेय, हे पाटलाला पहिल्यापासून खुपत होतं. त्याच्या विहिरीवर वस्तीतल्या बायकांनी घागरी लांब ठेवून उभं राहायचं आणि कुणाला दया येईल तेव्हा वरून ओतलेलं पाणी घ्यायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. हाडं निघाली म्हटलं की मसणवट म्हणून बोंब उठणार, पोलीस येणार, काम बंद पडणार.

"हाडं कसली, मामा? दगूड हाय," ती वर ऐकू जाईल अशी म्हणाली.

सैल झालेला एक मणका तिनं छिन्नीनं सोडवला, पदराखाली घेतला आणि शिडी चढली. बार उडाला. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं, चढलं आणि ती पट्टी बुडाली. वस्ती नाचली. तीही नाचली, आणि घरी जाऊन रडली.

पुढची बारा वर्षं तो मणका तिच्या छातीवर बसला. त्यावर लिहिलेला तिचा शोधनिबंध परत आला: मूळ जागा दाखवा. पाण्याखालची जागा कशी दाखवणार? एका परिषदेत एका बड्या प्राध्यापकानं विचारलं, "बाई, बाजारातून आणलात काय?" आणि सभागृह खो-खो हसलं. तिनं खडकातल्या शंख-शिंपल्यांवर काम केलं, नाव कमावलं. पण दर उन्हाळ्यात गावाकडचं कुणी भेटलं की ती सहज विचारल्यासारखं विचारायची, विहिरीला पाणी किती आहे? पुष्कळ आहे म्हटलं की तिचा चेहरा पडायचा, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटायची.

१९८५च्या दुष्काळात धाकट्या भावाचं, धर्मराजचं पत्र आलं: विहीर आटली, ये. स्टाफरूममध्ये ती आनंदानं उभीच राहिली. मग आपण कशावर आनंदलो ते ध्यानात येऊन मुकाट खाली बसली.

दुसऱ्याच दिवशी ती गावात पोचली. विहिरीत उतरून तिनं बॅटरी मारली. उरलेले दोन्ही मणके जागच्या जागी होते, आणि बारानं उघड्या पडलेल्या कपारीत आणखी चार. तिला हुंदका आवरेना.

वर येऊन तिनं विचारलं, "कवा आटली रं?"

"धा-बारा दिस झालं," धर्मराज म्हणाला.

"मग आनि खोल का न्हाय नेली? सुरुंगवाला मिळाला न्हाय?"

"आलता. माघारी धाडला."

शेजारची म्हातारी गंगव्वा रिकामी घागर घेऊन पुढं आली. "भीमाप्पा मरायच्या आदी बोललता आमाला. तू दगूड म्हनलीस तवा तुजं त्वांड बघितलतं त्येनं. आमी बायकांनी ठरवलं, तानीचं हाड निघंपातूर बार लावायचा न्हाय."

"आनि पानी?"

"पाटलाच्या हिरीवनं."

"परत तसंच? वरनं ओतून?"

"व्हय." गंगव्वानं नजर दुसरीकडं वळवली. "कवा देत्यात, कवा न्हाय. किती दिस लागतील तुला?"

आत्ताच्या आत्ता सुरुंगवाल्याला बोलवा, असं म्हणायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. तिनं ते गिळले.

"चार दिस," ती म्हणाली.

गंगव्वानं मान हलवली, घागर कमरेवर घेतली, आणि बाकीच्या बायकांना हाक मारून पाटलाच्या विहिरीकडं चालू लागली.