कोपरीचा न फुटलेला रांजण

मी एक जुना रांजण आहे आणि मी फुटलो. मित्रांनो, हे वाक्य विसरून जा. तसे काही झालेलेच नाही.

माझा जन्म खडवलीच्या एका कुंभाराच्या घरी झाला. पुढची बारा वर्षे मी ठाण्यात महिपतशेठ मीठवाल्यांच्या वखारीत पोटात मीठ घेऊन बसलो. काम सोपे होते, नुसते बसायचे. तरी दमायला व्हायचे.

मग अठराशे ब्याऐंशी साली शेठ आणि गावातली एक परोपकारी मंडळी यांची भागीदारी झाली. कोपरीच्या मिठागरावर कामकऱ्यांसाठी पाणपोई घालायची. रांजण शेठचा, पाणी मंडळीचे, पुण्य निम्मे-निम्मे. नवा रांजण कशाला, म्हणून शेठनी मलाच झाडून-पुसून दिले. माझ्या एका अंगाला चुन्याने शेठचे नाव लिहिले, दुसऱ्या अंगाला मंडळीचे. मिठागरावर वाचता कोणालाच येत नव्हते.

तिथे सगुणा राबायची. गुडघा सुजलेला, तरी गावच्या विहिरीवरून पिण्याचे पाणी आणायला रोज दोन खेपा. पाणपोईमुळे एक खेप तरी वाचेल, एवढीच तिची आशा. पहिला घोट तिनेच घेतला आणि थुंकून टाकला.

"आगो बाय! यो पानी त खारा हाय!"

"पाणी आमचं गोड्या विहिरीचं आहे," मंडळीचे चिटणीस विठ्ठलराव म्हणाले.

"आणि रांजण आमचा खानदानी आहे," शेठ म्हणाले.

"मंग तुमी पिऊन बगा ना, शेठ."

"आम्ही घरून पिऊन आलोय."

बारा वर्षांचे मीठ माझ्या हाडीमाशी मुरले होते. सगुणाने मला काथ्याने घासले, सात दिवस धुतले. धुवायचे पाणीही तिनेच आणले. दोन खेपांच्या चार झाल्या. मी खाराच राहिलो. वर माझे पापुद्रे सुटू लागले.

वर्षाने भागीदारीचा समारंभ झाला. भाषणे झाली, माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि त्या हाराच्या वजनाने मी फुटलो. विठ्ठलरावांचे जोडे भिजले. ओल्या जोड्यांत उभे राहून त्यांनी अहवाल वाचला, "रांजण सुस्थितीत आहे." टाळ्या पडल्या. शेठ खापऱ्या चुकवत घरी गेले.

"नवा कदी देनार, रावसाहेब?" सगुणाने विचारले.

"नवा कशाला गं? आहे की हा!"

मी आहे, म्हणून नवा येत नाही. सगुणा पुन्हा दोन खेपा घालते. येताना माझ्या बुडाच्या खापरीवर हंडा टेकवून घटकाभर गुडघा चोळते. माझ्या सगळ्या आयुष्यात उपयोग झाला तो एवढाच.

मित्रांनो, कोणाला पाणी पाजाल तर आधी एक घोट स्वतः घ्या.

सबब, मेहेरबान शेठ व मंडळी यांचे सेवेशी अर्ज ऐसा जे, मी फुटलो आहे हे उभय पक्षांनी एकमताने मंजूर करावे, म्हणजे नवा रांजण आणण्यास हरकत उरणार नाही. पुराव्यादाखल एक खापरी सोबत जोडली आहे. ती चाखून पाहून परत करावी, ही विनंती.