मागेच फिरणारं कडं

खुंट्याने त्या दुकानात तासाभरात अकरा घड्याळं नापास केली. कुणाची काच पातळ, कुणाचा पट्टा चामड्याचा, कुणाची चावी नुसती खुपसलेली, म्हणजे पाण्याला उघडं आमंत्रण. एक चांगलं जाडजूड दिसलं, तर ते त्याने सरळ फरशीवर टाकून बघितलं. घड्याळवाल्या बाई साठीच्या, एका डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या. त्या म्हणाल्या की खुशाल टाका, पण फुटलं तर तुमचं. ते फुटलं नाही, तरी ह्याचं समाधान होईना. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर फुंकत बसायचा आणि पीतच नव्हता.

पोळला होता हे मात्र खरं. खुंटा हे त्याचं टोपणनाव, टोळीने दिलेलं. कारखान्यांच्या जमिनीखालच्या टाक्या असतात ना, तेलाच्या, रसायनांच्या, त्या आत उतरून खरवडणारी ही टोळी. एकजण कमरेला दोर बांधून खाली जातो, दुसरा टाकीच्या तोंडाशी दोर धरून उभा राहतो. एक ओढ म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सैल सोड, तीन म्हणजे वर काढ. खालच्याच्या पाठीवर हवेची बाटली, तिच्यात जेमतेम पंधरा मिनिटांची हवा. बाराव्या मिनिटाला माणूस वर आलाच पाहिजे, हा नियम. दोर धरणारा जागचा हलत नाही, म्हणून हा खुंटा. वीस वर्षं तो तसा उभा राहिला आणि वीस वर्षं त्याचा धाकटा भाऊ खाली उतरला.

तीन वर्षांपूर्वी धाकटा खाली गेला तो जिवंत वर आला नाही. खुंट्याने सगळ्यांना सांगितलं, घड्याळ थांबलं होतं. मुकादमाने ते लिहून घेतलं, भावजयीने ते मानलं, आणि सांगता सांगता खुंट्यालाही ते खरं वाटायला लागलं. त्याने दोर सोडला आणि झाडू धरला. टोळीच्या आवारात कचरा काढायचा आणि गप्प बसायचा.

गप्प बसू दिलं नाही ते त्याच्या मनगटाने. रोज सकाळी, अकराला सहा मिनिटं कमी असताना, डाव्या मनगटाला तीन ओढी बसायच्या. हातात झाडू असो, कप असो, की काहीच नसो. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल. असेल बुवा. पण शिरेला घड्याळ कळतं का?

आणि आता ठकी. धाकट्याची एकुलती एक पोर, चोवीस वर्षांची, बापासारखीच हट्टी. आईने डोकं आपटलं तरी ती बापाच्याच टोळीत शिकायला लागली. उद्या तिची पहिली उतरण होती. मुकादमाने विचारलं, दोर कुणी धरायचा? ती म्हणाली, काकांनी. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलात तर मी उतरत नाही. मुकादम म्हणाला, बघ, हलवून खुंटा बळकट होतो म्हणतात, पण हा हलून तीन वर्षं झाली. ती ऐकायची नाही.

म्हणून हे घड्याळ. पोरीचा जीव त्या घड्याळाच्या काट्यावर टांगायचा होता. दुकानात बसून किती चिकित्सा करावी याला काही सुमार असतो, पण हे कळल्यावर त्याला कोण हसणार?

शेवटी बाई वैतागल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला नेमकं काय नको आहे ते तरी सांगा. खुंट्याने खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. तीन वर्षं ती ट्रंकेच्या तळाशी होती. भाऊ गेला त्या रात्री त्याने गाठ मारली ती पुन्हा सोडली नव्हती.

"असं थांबणारं नको," तो म्हणाला.

टाकी, दोर, बारा मिनिटं, थांबलेलं घड्याळ, एवढं त्याने थोडक्यात सांगितलं. बाईंनी गाठ सोडली. फडकं बाजूला केलं आणि घड्याळ कानाला लावलं. मग भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा घड्याळाकडे.

"अहो, हे चालू आहे."

खुंट्याने बघितलं. सेकंदाचा काटा टुकटुक करत निघाला होता. वेळ भिंतीवरल्या घड्याळापेक्षा दोन मिनिटं मागे, बस. बाईंनी मागचं झाकण उघडलं. आतला सेल अजून जिवंत, पाणी नाही, गंज नाही, काटा कुठे अडकल्याची खूण नाही. त्या सहज म्हणाल्या की हे घड्याळ एकदाही थांबलेलं नाही, मी लिहून देते. ट्रंकेत, अंधारात, त्याच्या खोट्याला वाकुल्या दाखवत हे तीन वर्षं चालत होतं.

बाई मात्र आपल्याच नादात काचेभोवतीचं कडं चाचपत होत्या. त्या कड्यावर एक खूण असते. माणूस खाली उतरला की कडं फिरवून ती खूण मिनिटकाट्याशी आणायची, मग काटा खुणेपासून किती पुढे गेला ते बघायचं.

"दोर कुठल्या हाताला गुंडाळता?"

"डाव्या."

"आणि घड्याळ?"

तेही डाव्याच. सगळं जग डाव्याच हाताला बांधतं. बाईंनी खोक्याची सुतळी घेतली, मनगटाला घड्याळावरून दोन वेढे दिले आणि टोक खुंट्याच्या हातात देऊन ओढायला सांगितलं. त्याने ओढलं. कडं सरकलं. मिनिटकाटा होता तिथेच राहिला, पण खूण पाच मिनिटं पुढे गेली.

"तुमची पाच मिनिटं ह्या कड्याने खाल्ली," बाई म्हणाल्या. मग खणातून एक ओबडधोबड पोलादी घड्याळ काढलं. पिळून घट्ट बसणारी चावी, नखभर जाड काच, रबरी पट्टा. "ह्याचं कडं फक्त मागे फिरतं. धक्का लागलाच तर झाली त्याहून जास्त वेळ दाखवेल. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. आणि बांधा उजव्या हाताला."

त्याने ते घेतलं. घरी जाताना त्याला सगळं लख्ख आठवलं, न आठवण्याची सोयच राहिली नव्हती. धाकटा मोठा चेष्टेखोर. खाली गेला की दोन मिनिटांत तीन ओढी द्यायचा आणि थोरल्याने घाबरून आत डोकावलं की मुखवट्याआडून हसायचा. त्या दिवशीही त्याने तेच केलं. तेव्हाच कडं सरकलं असणार. पुढे बऱ्याच वेळाने पुन्हा तीन ओढी आल्या. खुंट्याने घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं झाली होती. तो मनाशी म्हणाला, गाढवा, पुरे झाली तुझी थट्टा. खरी झाली होती चौदा. मग पुन्हा तीन ओढी आल्या, हलक्या. हा कड्यावर बारा व्हायची वाट बघत उभा राहिला.

घड्याळाने पाच मिनिटं खाल्ली, कबूल. पण दोर तर खोटं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खुंट्याने मुकादमाला विनवलं की पोरीला नऊलाच उतरवा. पण टाकीतली वाफ बाहेर काढणारा पंखा बिघडला, तो नीट होईपर्यंत पावणेअकरा वाजले. रोजच्या तीन ओढींची वेळ नेमकी ती खाली असताना येणार होती. ठकीने कमरेला दोर बांधला, बापासारखीच गाठ दोनदा हिसडून बघितली आणि शिडीवरून खाली गेली. त्याने डाव्या मनगटाला दोराचे वेढे घेतले आणि उजव्या मनगटावरचं कडं फिरवून खूण काट्याशी आणली. दहा पंचेचाळीस.

टाकीच्या तोंडातून खाली फक्त तिच्या दिव्याचा पिवळा डाग दिसत होता, मग तोही कोपऱ्याआड गेला. खरवडण्याचा आवाज येत होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. आठव्याला आवाज थांबला. फावडं बदलत असेल, त्याने स्वतःला समजावलं.

अकराला सहा मिनिटं कमी. डाव्या मनगटाला तीन ओढी बसल्या.

दोर त्याच्या डोळ्यांसमोर सैल लोंबत होता. कडं नऊ दाखवत होतं, आणि ह्या वेळी ते नऊच होते, पोलादासारखे पक्के. रोजची ओढ की पोरीची? इकडे आड, तिकडे विहीर. उगाच ओढलं तर टोळी हसेल, पोर उखडेल, पुन्हा कुणी दोर हातात देणार नाही. तीन मिनिटं तर उरली आहेत, थांब जरा, असं त्याचं डोकं सांगत होतं. अगदी ह्याच शब्दांत त्या दिवशीही सांगितलं होतं.

खुंटा हलला. पाय रोवून त्याने अंगातला सगळा जोर लावून दोर ओढायला सुरुवात केली, आणि मुकादम धावत येऊन काय झालं विचारेपर्यंत ठकीचं डोकं टाकीच्या तोंडाबाहेर आलं होतं.

तिने मुखवटा उपसून काढला. धडधाकट होती, आणि भयंकर चिडलेली. तीन मिनिटं बाकी होती, खरवडलेला गाळ गोळा करायला वाकले होते, गुडघा फुटला माझा, असं एका दमात बोलून ती म्हणाली, "का ओढलंत? मी ओढ दिलीच नव्हती."

"माहीत आहे," खुंटा म्हणाला. "तुझ्या बापाने दिली."

मुकादमाने मान दुसरीकडे वळवली. खुंट्याच्या हाताला अजून दोराचे वेढे होते. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळलं.

"घड्याळ थांबलं नव्हतं गं. त्याने तेव्हाही ओढलं होतं. तीन ओढी. मला वाटलं, चेष्टा करतोय."

ठकीने मुखवटा खाली ठेवला. मग हळू आवाजात तिने विचारलं, "एकदाच?"

"दोनदा."

ती उठली आणि आवाराच्या टोकाच्या नळाशी गेली. पाठमोरी उभी राहून तिने तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. खुंटा जागचा हलला नाही. ती आता घरी निघून जाईल आणि त्याचं तोंड पुन्हा बघणार नाही, आणि ते बरोबरच असेल, असं त्याला वाटलं.

ती परत आली. डोळे लाल होते. तिने नवी बाटली पाठीवर चढवली, गाठ दोनदा हिसडली.

"माझं काम अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "मी ओढलं नाही तरी काढाल ना?"

त्याने मान हलवली.

त्या दिवशी टाकी साफ झाली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. खुंटा घरी खुर्चीत बसला, उजव्या हातावर ते घड्याळ, डावा हात गुडघ्यावर उताणा ठेवलेला. अकराला सहा मिनिटं कमी झाली, पाच झाली. अकरा वाजून गेले. मनगटाला कुणी ओढलं नाही. तो साडेअकरापर्यंत हात तसाच धरून बसला, आणि मग तीन वर्षांत पहिल्यांदा भावासाठी रडला.